फेंडरवरचं ठिगळ

टेलरबाईंना कुणी टेलरबाई म्हटलं, की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त हातातला पाना जरा जोरात खाली ठेवायच्या. समजणाऱ्याने समजावं. पण गॅरेजात येणारी माणसं कसली समजतायत! "टेलरबाई, बंपर शिवून झाला का?" "टेलरबाई, विंचला टीप मारली का?" आणि वर स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचं. विंच म्हणजे चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, पोलादी दोराचं. मारून दाखवा म्हणावं त्याला एकदा टीप.

बाई मूळच्या कापडातल्या, हे मात्र खरं. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकानात नुसती चेन बदलायची नि पँट आखूड करायची कामं उरली, तेव्हा थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आपल्या गॅरेजात दाराजवळ मशीनपुरती जागा करून दिली. दादाचं गॅरेज साधंसुधं नव्हे. डोंगरातून, नदीनाल्यातून हिंडणाऱ्या दणकट गाड्या तिथे यायच्या, आणि कंपनीने दिलेलं नसतं ते सगळं तिथे त्यांच्या अंगावर चढायचं. लोखंडी बंपर, टपावरचं कॅरियर, जादा दिवे, विंच. बाईंनी सुरुवातीला सीटची कव्हरं शिवली. मग टपावर उघडणारे तंबू शिवले. आता तंबू शिवला म्हणजे तो बसवून बघायला हवा, बसवायचा तर पट्ट्या हव्यात, पट्ट्यांना भोकं हवीत. असं करत करत बाई ड्रिल मशीनपर्यंत कधी पोचल्या, कुणाला कळलंही नाही. दादाला कळलं होतं. पण बहिणीने बसवलेलं कॅरियर खडखडत नाही हेही त्याला कळलं होतं, म्हणून तो गप्प बसला.

त्यांची कामाची तऱ्हाच वेगळी. बाकीचे फिटर आधी भोक पाडणार आणि मग बोल्ट बसत नाही म्हणून तासभर कानस घासत बसणार. बाई आधी खाकी कागदावर कटिंग करणार. कागद गाडीला चिकटवणार, मागे सरकून एक डोळा मिटून बघणार, परत काढून कापणार, परत चिकटवणार.

"अगं, गाडी आहे ती. तिला काय लग्नाला जायचंय?" दादा वैतागायचा.

"मग काय, वेडंवाकडं फिरायचं तिने?" बाई म्हणायच्या, आणि कातरीचं काम चालूच.

तरी मोठ्या कापाकापीच्या कामाला दादा त्यांना हात लावू देत नव्हता. पट्टीला भोक चुकलं तर दुसरी पट्टी घेता येते, गाडीच्या अंगालाच भोक चुकलं तर काय? ते काम त्याचं एकट्याचं. आणि तो भोक पाडताना कुणालाही काही विचारायचा नाही. बापालासुद्धा विचारलं नव्हतं म्हणे कधी. भारी ताठ माणूस.

मग डॉक्टरीणबाई आल्या. गुरांच्या डॉक्टर. नदीपलीकडच्या वाड्यावस्त्यांवरची सगळी मेंढरं यांच्या भरवशावर. गाडी म्हणाल तर त्यांच्या वडिलांची, जुनीपुराणी, चौकोनी तोंडाची, आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने ब्रशने रंगवलेली. जवळून बघितलं की हिरव्या रंगात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसायच्या. मागच्या खेपेला नदी ओलांडताना इंजिनाने पाणी ओढलं आणि गाडी मधोमध मेली. डॉक्टरीणबाई औषधांची पेटी डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून चालत गेल्या होत्या.

"हे पुन्हा नको," त्या म्हणाल्या. "स्नॉर्केल बसवा. मेंढ्या व्यायला आल्यात. मला जायलाच हवं."

स्नॉर्केल म्हणजे इंजिनाचं नाक टपापर्यंत वर न्यायचं. काळा जाड पाइप. तो गाडीच्या बाजूने वर चढतो, आणि त्याचं खालचं टोक पुढच्या चाकावरच्या पत्र्यातून, म्हणजे फेंडरमधून, आत इंजिनाकडे जातं. त्यासाठी फेंडरला चांगलं मुठीएवढं भोक पाडावं लागतं. वडिलांच्या फेंडरला. असला फेंडर आता कुठे मिळत नाही, भंगारातसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर दादाने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, "हे तू कर."

"मी?"

"नाही तर काय शेजारीण? माझ्या खांद्याचं दुखणं काही जात नाही. हे जमलं तर लोखंडाचं सगळं काम तुझं, मी वरून बघेन. नाही जमलं, तर तू तुझ्या मशीनवर बरी. मग पुन्हा माझ्यामागे भुणभुण नको."

वहिनी तिथेच होती. गॅरेजचा फोन तिच्या ताब्यात आणि गॅरेजमधल्या सगळ्यांची टिंगल करायचं कामही तिच्याकडेच. "वन्सं, आता नाही म्हणू नका," ती म्हणाली, "हा माणूस परत असं बोलायचा नाही. मला तर लग्न झाल्यापासून चहासुद्धा स्वतःहून विचारला नाही."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानेच, पण गेलं नाही.

पाइपाबरोबर एक पातळसा छापील कागद आला होता, भोकं कुठे पाडायची ते दाखवणारा. असल्या कागदावर बाईंचा विश्वास बसतोय होय! त्यांनी त्याच्यावरून आपल्या खाकी कागदावर स्वतःचं कटिंग उतरवून घेतलं. वरची कड बोनेटच्या कडेला, मधली खूण मधल्या बोल्टला. झक्क. मग फेंडरचे बोल्ट सोडून तो अख्खा उतरवला. ब्रशच्या त्या रेघांवर ओरखडा उमटू नये म्हणून टेबलावर जुनी रजई अंथरली आणि फेंडर तिच्यावर पालथा घातला, रंगाची बाजू खाली. बाळाला पालथं निजवावं तसा. आतल्या, बिनरंगाच्या बाजूवर कागद ठेवला, खडूने आखलं, आणि ड्रिलला गोल करवत लावून मोठं भोक कापलं. हात जराही हलला नाही. कापलेली चकती खाली पडली तेव्हा टेबलापलीकडून दादाने मान डोलावली. दादाने, हो!

मग बाईंनी फेंडर सरळ केला आणि पाइप त्याला लावला.

भोक भलतीकडेच होतं. पाइपाचं टोक दिव्याच्या बाजूला, भोक दाराच्या बाजूला. तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? अहो, शिंपीकाम करणारं माणूस खडू नेहमी कापडाच्या उलट बाजूने मारतं. सुलट बाजूवर डाग नको म्हणून. उभा जन्म बाईंनी तेच केलं होतं. पण कापडाच्या दोन बाह्या एकदम कापतात, एक डावी होते, एक उजवी, काही बिघडत नाही. इथे बाही एकच होती. पालथ्या पत्र्यावर कागदही पालथा घालायला हवा होता. खाकी कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो, आणि हात सवयीचा गुलाम. दुसऱ्या कुठल्याही फिटरने ही चूक केली नसती. त्याने बेधडक रंगावरच पेन्सिल ओढली असती.

बाई खाली स्टुलावर बसल्या. वहिनीने पाणी आणून दिलं तेही तसंच हातात राहिलं.

दादा आला, पाइप उचलून भोकाशी धरला, खाली ठेवला, परत धरला. शेवटी वहिनीलाच राहवलं नाही. "अहो, बोला तरी काहीतरी. नुसते काय उभे?"

"बोलायचं काय? वेल्डिंग करू, पुट्टी भरू, रंग मारू. शेजारी बरोबर भोक पाडू. कुणाच्या बापाला कळायचं नाही," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "आणि तू उद्यापासून मशीनवर बस. ठरलं होतं तसं."

"बसेन," बाई म्हणाल्या. "पण पुट्टी नको."

"का नको?"

"दोन भोकांच्या मध्ये बोटभरच पत्रा उरतो, दादा. त्याच्यावर सगळा पाइप लोंबकळणार. ती बाई दगडधोंड्यांतून गाडी नेते. पत्रा हलला की पुट्टी तडकणार. पत्रा लवला की आतला सांधा ढिला होणार, आणि नदीच्या मधोमध इंजिन पुन्हा पाणी पिणार. आणि वेल्डिंग केलंस की रंग जळणार. त्यांच्या वडिलांचा. तो कुठून आणशील?"

"मग काय करू? पाटी लावू, आमच्याकडून चुकलं म्हणून?"

"पाटी नको. मी फोन करते."

दादा भडकला, आता मात्र चांगलाच. इतक्या दिवसांत कमावलेलं नाव तू एका फोनवर घालवणार, म्हणाला. आपण काय मुद्दाम केलं का, म्हणाला. लोक आधीच टेलरबाई टेलरबाई करून दात काढतात, त्यांच्या हाती आणखी कोलीत द्या, म्हणाला. त्याचंही अगदीच चुकत नव्हतं, बरं का. पण बाई उठल्या, हात पुसले आणि वहिनीच्या हातातून फोन घेतला. सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही की सजवला नाही.

डॉक्टरीणबाई तडक आल्या, अंगावर शेणाच्या वासाचा एप्रन तसाच. फेंडरपाशी उभ्या राहिल्या आणि भोकाच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवलं.

"हे बाबांनी ब्रशने रंगवलंय."

"ठाऊक आहे. रंगाला खडू लागू नये म्हणूनच मी उलट बाजूने आखलं. तिथेच चुकलं."

"म्हणजे रंग वाचवायला गेलात आणि पत्राच कापलात."

"हो," बाई म्हणाल्या. यावर दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला होता. ओरडल्या असत्या तर बरं, असं बाईंना वाटलं. पण त्या ओरडल्या नाहीत. "आता काय करणार?" एवढंच विचारलं.

"ठिगळ लावीन," बाई म्हणाल्या.

दादाने कपाळाला हात लावला.

पण बाई थांबल्या नाहीत. गुडघ्यावर फाटलेल्या पँटचं बोलावं तितक्या सहज बोलत सुटल्या. ठिगळ फाटलंय त्याहून मोठं हवं, नाहीतर ते फाटलेलंच धरून बसतं. टाके धडक्या भागात हवेत, कडेला नाहीत. कोपरे गोल हवेत, टोकदार कोपरा पहिला उचकटतो. जाड पत्र्याचा एक तुकडा, दोन्ही भोकांच्या पलीकडे पोचेल असा, खाली रबराचं अस्तर, भोवती टाक्यांसारखी रिव्हेटच्या खिळ्यांची रांग. बरोबर जागेचं भोक त्या तुकड्यातून आरपार जाईल. पाइपाचं वजन जुना पत्रा नाही, ठिगळ उचलेल.

"दिसेल," त्या शेवटी म्हणाल्या. "लपणार नाही. पण हलणारही नाही."

"मला परवा पलीकडे जायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजिनात पाणी जाणार नाही?"

"नाही."

"खात्री?"

"आहे."

"मग चला माझ्याबरोबर. गाडीत बसा. बघू."

झालं! वहिनीच्या हातातला फोनच निसटला. बाईंना पोहता येत नव्हतं, घागरीएवढंसुद्धा नाही. पण शब्द गेला होता.

ठिगळाचं कटिंग बाईंनी पुन्हा खाकी कागदावरच केलं. फरक एवढाच, की कातरी उचलण्याआधी कागदाच्या एका बाजूवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रंगाची बाजू'. पत्रा कापला, कोपरे कानशीने गोल केले, कडा बोटाला लागू नयेत इतक्या घासल्या. दादा लांबून बघत होता. मदतीला आला नाही, पण रिव्हेट मारायच्या वेळी दुसऱ्या बाजूने फेंडर घट्ट धरायला मात्र न बोलावता येऊन उभा राहिला. सगळे रिव्हेट बसल्यावर त्याने ठिगळावर थाप मारली, नीट लक्ष देऊन आवाज ऐकला आणि निघून गेला.

नदी वाढलेली होती. सकाळच्या उन्हात पाणी मातकट दिसत होतं आणि पलीकडच्या काठावर दोन-तीन धनगर हात डोळ्यांवर धरून उभे होते. डॉक्टरीणबाईंनी खालचा गियर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. बाईंनी खिडकीची कड धरली होती. पाणी चाकाला लागलं, मग दाराला, मग दाराच्या फटीतून आत येऊन पायाशी गोळा व्हायला लागलं.

"पायाशी येणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नाकाकडे बघा."

बाई बघतच होत्या. दुसरीकडे बघायची हिंमत कुणाला होती! मधोमध पोचल्यावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी कलली, नेमकी ठिगळाच्याच अंगावर. बोनेटवरून पाणी आलं. तेवढ्यात वाहत आलेला एक ओंडका फेंडरवर धाडकन आदळला. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तो कोपरापर्यंत पाण्यात बुडाला, आणि कमरेपासून बाहेर वाकून त्यांनी ठिगळ चाचपलं. एकेक रिव्हेट बोटाला लागत गेला. गार, घट्ट, जागच्या जागी. पाइप पकडून हलवून बघितला. हलत नव्हता.

"चला!" त्या ओरडल्या. "काही झालेलं नाही. चला तुम्ही!"

गाडी गुरगुरली, खड्ड्यातून वर आली आणि पाणी निथळत काठावर चढली. धनगरांनी शिट्ट्या मारल्या. बाई मात्र धावत पुढे आल्या, बोनेट उघडलं आणि इंजिनाच्या हवेच्या डब्याचं झाकण काढून आत बोटं घातली. आतला हवा गाळायचा कागद कोरडा होता, अगदी ठणठणीत कोरडा. बोटं नाकाशी नेऊन बघितली, गालाला लावून बघितली. कोरडीच. मग मात्र त्या बंपरवर बसल्या आणि रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, लाज न बाळगता.

डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ठिगळाच्या गोल कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"बाबांच्या सगळ्या पँटींना गुडघ्यावर असंच ठिगळ असायचं," त्या म्हणाल्या. "गोल कोपऱ्यांचं. आई लावायची. त्यांना कुणी नवी पँट दिली तर ते चिडायचे." मग त्यांनी खिशातून रबरी हातमोजे काढून बाईंच्या मांडीवर टाकले. "पुरे आता. उठा. एक मेंढी अडलीय म्हणतायत. तुमच्या हातात जोर आहे, पाय धरा तिचे."

बाईंनी धरले. मेंढीने एक लाथही मारली. कोकरू झालं, ओलं, धडपडत उभं राहणारं, आणि बाईंच्या अख्ख्या एप्रनचा सत्यानाश झाला.

दुपार कलताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना गॅरेजच्या दारात सोडलं. "ठिगळाला रंग देऊ नका," जाताना म्हणाल्या. "मीच देणार आहे. ब्रशने."

बाई आत आल्या आणि त्यांची नजर आधी दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. शिलाई मशीन तिथे नव्हतं. काढून टाकलं की काय? घरी धाडलं? मग दिसलं. मशीन आत होतं, लोखंडाच्या टेबलाशेजारी, खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला येतो तिथे.

"दिवसभर ढकलत होते," वहिनी फोनवर हात ठेवून कुजबुजली. "खांदा दुखतो म्हणणारा माणूस! आणि दर थोड्या वेळाने मला विचारायचे, फोन आला का, फोन आला का. मी म्हटलं, वन्सं बुडल्या असतील तर फोन कसा करतील? तर माझ्यावरच खेकसले."

दादा टेबलापाशी पाठमोरा उभा होता. समोर नव्या कोऱ्या गाडीचा मागचा दरवाजा, जादा चाक टांगायचा कंस बसवायला काढून ठेवलेला. दरवाज्यावर खाकी कागद चिकटवलेला. कागद दादाने कापला होता, बघताच कळत होतं, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पण एका कोपऱ्यात त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'रंगाची बाजू'.

"आलीस?" मागे न बघता तो म्हणाला. "पाणी?"

"नाही गेलं."

त्याने फक्त हुंकार भरला. ड्रिल मशीन उचललं. टोक कागदावरच्या खुणेपर्यंत नेलं आणि थांबला. मग ज्याने भोक पाडताना आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं, तो माणूस बाजूला सरकला आणि बहिणीला जागा करून दिली.

"ये," तो म्हणाला. "बघ जरा. सुलट आहे ना?"

बाईंनी ओल्या एप्रनला हात पुसले, एक डोळा मिटला आणि कागदावर वाकल्या.

"कड जरा खाली घे," त्या म्हणाल्या. "हं. आता पाड."